हाफ डोम : चार परमिटं लागली, आता केबल्सवर कोणी जायचं?

मोगरी
नमस्कार मंडळी. 'आपल्याला कुठली लागायला' म्हणत मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कच्या हाफ डोमची, म्हणजे तो कातळाचा घुमट चढायच्या परमिटांची, लॉटरी भरली होती. (शेवटच्या कातळावर धरायला पोलादी दोर आहेत, त्या केबल्स.) लागली! जुलैतला एक बुधवार, चार माणसं. तेव्हापासून रोज रात्री जेवणाच्या टेबलावर सभा भरते.

उमेदवार असे : मी, नवरा, लेक (वय ११) आणि सासरे. बाबा जूनमध्ये पुण्याहून येतायत. वय ६४. कळसूबाई, रतनगड, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, सगळं करून बसलेला माणूस. आजही सकाळी पर्वती चढून आल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्यांनी केबल्सचे व्हिडिओ पाहिले आणि फोनवर निकाल दिला, "हे काय, कळसूबाईच्या शिड्याच की. जरा लांब आहेत एवढंच."

नवऱ्याला उंचीची भीती. बाबांनी जाऊ नये असं त्याला वाटतं, पण त्यांना ते सांगायचं काम मात्र माझ्याकडे. मला स्वतःला जायचंच आहे.

कोणी जाऊन आलंय का? चौसष्टीच्या माणसाने केबल्स चढाव्यात का? हार्नेस लागतो का? अकरा वर्षांच्या मुलीला न्यावं का? 'नका जाऊ' म्हणणार असाल तर कारण द्या. बाबांना कारण लागतं.

तिरसट_तात्या
लॉटरी लागली आणि वर गाऱ्हाणं घेऊन आलात. आम्ही दरवर्षी दहा डॉलर दान करतोय.

चकली
वाचतेय. नवरा "तू सांग" म्हणतो हे वाचून अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

डोंगरभट
अभिनंदन! मी गेलोय, इस्कटून सांगतो.

आधी केबल्स बाजूला ठेवा. खरी परीक्षा त्या दिवसाच्या लांबीची आहे. हॅपी आइल्सपासून (वाट सुरू होते ती जागा) जाऊन-येऊन १४ ते १६ मैल, म्हणजे २२ ते २६ किलोमीटर. चढाई सुमारे ४,८०० फूट. बारीतून कळसूबाईला जेवढं चढतो त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि सगळं एका दिवसात. लोकांना दहा ते बारा तास लागतात. आम्ही पहाटे साडेचारला डोक्याला टॉर्च बांधून निघालो होतो. त्या वेळी शटल नसते, त्यामुळे ट्रेलहेडच्या पार्किंगपासून हॅपी आइल्सपर्यंतचं चालणंही हिशेबात धरा.

मिस्ट ट्रेलने (धबधब्याशेजारून जाणारी वाट) व्हर्नल फॉलच्या (३१७ फूट) माथ्यापर्यंत सहाशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत. जुलैच्या मध्यापर्यंत तुषार थोडे कमी होतात, पण पायऱ्या ओल्याच. त्यावर नेवाडा फॉल (५९४ फूट), मग लिटल योसेमिटी व्हॅलीचा सपाट, वाळूचा पट्टा. तिथे सगळे खूश असतात. त्यानंतर झाडीतली कंटाळवाणी चढण, मग सब डोम, म्हणजे मुख्य घुमटाआधीचा छोटा घुमट. हा उघडा कातळ, झाडाचा आडोसा नाही, अरुंद दगडी पायऱ्यांची वळणं. माझ्या मते केबल्सपेक्षा सब डोमच माणसाला जास्त दमवतो. आणि तो संपला की समोर केबल्स दिसतात. आमच्यातले दोघं तिथूनच परत फिरले.

केबल्स म्हणजे शेवटचे ४०० फूट. उतार ४५ अंशांच्या पुढे. दोन्ही हातांना जाड पोलादी दोर, दर दहाएक फुटांवर खांबांची जोडी आणि त्यांच्या पायाशी आडवी लाकडी फळी. फळीवर उभं राहून दम खायचा, मग पुढच्या फळीपर्यंत दंडांच्या जोरावर. वर जाणारे आणि खाली येणारे त्याच दोरांमधून. म्हणजे समोरून कोणी आलं की एकाने एका दोराकडे सरकायचं, पोट आत घ्यायचं.

महत्त्वाचं : परमिट लागतं ते सब डोमच्या पायथ्यापासून पुढे. तिथपर्यंत घरातल्या सगळ्यांना जाता येतं. तेव्हा जेवणाच्या टेबलावरची सभा बरखास्त करा. कोण चढणार ते तिथे पोचल्यावर ठरवा.

भटकभवानी
डोंगरभटांना +१. 'कळसूबाईच्या शिड्याच' हे मात्र पटलं नाही. कळसूबाईला शिडीच्या पायऱ्या आहेत, पाय आडवा ठेवता येतो. इथे दोन फळ्यांच्या मध्ये फक्त तिरका कातळ. हरिहरच्या पायऱ्या बघून लोकांचे डोळे फिरतात, पण तिथे हात घालायला खोबण्या आहेत. इथे तुम्ही बुटाच्या तळव्यावर भरवसा टाकून उभे असता. बाबांना विचारा, नुसत्या घर्षणावर कातळ कधी चढलाय का?

खडकू
भवानीताईंनी नेमकं बोट ठेवलं. पेशाने भूगर्भवाला आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे आडवे थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले. थर कठीण-मऊ, त्यामुळे झीज होताना कडे आणि टप्पे तयार होतात. आपल्या ट्रेकरचा पाय टप्पा शोधतो, हात खाच शोधतो. हाफ डोमचा ग्रॅनोडायोराइट (ग्रॅनाइटचा भाऊबंद) त्याहून जुना, सुमारे ८.७ कोटी वर्षांचा, आणि तो जमिनीच्या पोटात खोल थिजलेला. वरचं ओझं झिजून गेल्यावर खडक फुगतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वक्र थर सुटत जातात. म्हणून ती गोल, गुळगुळीत पाठ. खाच नाही, टप्पा नाही. त्यात १९१९ पासून तिथे दोर आहेत, त्यामुळे केबल्सच्या मधला पट्टा बुटांनी घासून चकचकीत झालाय. नवे, कोरडे, मऊ रबराच्या तळव्याचे बूट ही इथे चैन नाही.

जाता जाता : 'हाफ' असला तरी अर्धा डोम कुठे पडलेला नाही. मूळ घुमटाचा बहुतेक भाग अजून जागेवर आहे. वायव्येकडची भिंत उभ्या भेगांवरून सुटली आणि दरीतून पाहणाऱ्याला तो अर्धा कापल्यासारखा दिसतो, इतकंच.

पाववडा
खडकूशेठ, दंडवत. अर्धं आयुष्य समजत होतो की उरलेला अर्धा हिमनदीने नेला.

तिरसट_तात्या
माझं मत : केबल्स काढून टाका. ज्याला दोराशिवाय जमतं त्याने जावं. हा भाग १९८४ पासून कायद्याने वाइल्डरनेस, म्हणजे राखून ठेवलेलं रान आहे आणि मधोमध पोलादी दोरखंड! आपण गडांवर रेलिंग आणि टाइल्स लावल्या की बोंब मारतो, इथे मात्र दोर धरून सेल्फी.

अनुस्वार
तात्या, मग तुम्ही दरवर्षी लॉटरी कशाला भरता?

तिरसट_तात्या
काढायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून.

डोंगरभट
:D :D

तात्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही पण. कॅलिफोर्नियाच्या सरकारी सर्वेक्षणवाल्यांनी १८६०च्या दशकात लिहून ठेवलं होतं की इथे माणसाचं पाऊल कधी पडणार नाही. १८७५च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्ज अँडरसन नावाचा स्कॉटिश माणूस कातळात भोकं पाडत, लोखंडी खिळे ठोकत, आधीच्या खिळ्यावर उभं राहून पुढचा मारत वर गेला. त्याच्या दोराने लगेच इतर लोक चढले. निसर्गलेखक जॉन म्यूरही त्याच नोव्हेंबरमध्ये जाऊन आला. म्हणजे हे शिखर पहिल्या दिवसापासून ठोकलेल्या लोखंडावरच चढलं गेलंय. आजच्या केबल्स सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेने १९१९ला बसवल्या.

गर्दीचं म्हणाल तर परमिट यायच्या आधी शनिवारी-रविवारी हजारावर लोक जायचे. केबल्सवर माणूस माणसाला चिकटून तासभर उभा. २०१० पासून शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, २०११ पासून रोज परमिट. आता दिवसाला ३००, त्यातले २२५ एका दिवसात जाऊन येणारे.

बे_एरियातला_बंडू
परमिटाबद्दल दोन गोष्टी. अर्जात ज्याचं नाव लीडर किंवा पर्यायी लीडर म्हणून आहे त्यापैकी एकजण सोबत हवाच, ओळखपत्रासह. रेंजर सब डोमच्या खाली खरंच तपासतात. परमिट विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, पण तुमच्या चारांत कोण असावं ते तुमचं तुम्ही ठरवा. (मी सनीव्हेलला असतो, बुधवारी मोकळा असतो, सहज सांगितलं.)

ज्यांना लागली नाही त्यांच्यासाठी : मोसमात रोजची लॉटरीही असते, ज्या दिवशी जायचं त्याच्या दोन दिवस आधी भरायची. केबल्स साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उभ्या असतात. बाकी वर्षभर खांब काढून दोर कातळावर आडवे ठेवलेले. त्या काळात जाऊ नका, कितीही फोटो दिसले तरी.

आजीचा_बटवा
चौसष्टी म्हणजे काही म्हातारपण नव्हे, पण डॉक्टर म्हणून विचारते : स्ट्रेस टेस्ट शेवटची कधी झाली? बीपीची गोळी कुठली? काही गोळ्यांनी नाडीचा वेग वाढत नाही, लघवीच्या गोळीने उन्हात पाणी फार कमी होतं. इथे येण्याआधी पुण्यातच डॉक्टरांना दाखवून घ्या आणि 'डोंगर चढायचाय' असं न सांगता 'बारा तास, दीड किलोमीटर उभी चढाई' असं आकड्यात सांगा.

गुडघ्यांचं काय? पर्वतीला शंभराच्या वर पायऱ्या आहेत, छानच, पण उतरताना दहा मिनिटं. इथे उतरणं पाच तासांचं.

आणि व्हिजिटर इन्शुरन्स नीट वाचा. बऱ्याच पॉलिसीत दोर किंवा गाइड लागणारी चढाई वगळलेली असते, साठीच्या पुढे रक्कमही कमी होते. पार्कची शोध-बचाव टीम सुटकेचे पैसे घेत नाही, पण पुढे रुग्णवाहिका किंवा हवाई रुग्णवाहिका लागली तर बिल येतं आणि ते इथलं बिल असतं.

चकली
शेवटचं वाक्य वाचून बाबांचंही मत बदलेल.

भटकभवानी
हार्नेसचं कोणी बोललं नाही. सक्ती नाही, बहुतेक लोक तसेच जातात. पण मी वापरते, आणि नवख्या माणसाला आग्रहाने सांगते. वाया फेराटाला (दोर-शिड्या ठोकलेल्या कातळवाटांना) वापरतात तसा धक्का शोषणारा दुहेरी पट्टा, दोन कॅराबिनर (दोरात अडकवायच्या कड्या). खांब आला की एक सोडायचा, पलीकडे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच सोडायचे नाहीत. घरी जिन्याच्या कठड्यावर डोळे मिटून सराव करा, कारण वर मागचा माणूस घाई करत असतो आणि हातमोज्यात बोटं जाड होतात.

एक जाणून घ्या : खांब कातळातल्या भोकांत नुसते बसवलेले असतात. वर ओढले तर निघू शकतात. भार दोरावर टाका, खांबाला मिठी मारू नका. हातमोजे बागकामाचे, तळव्याला रबर असलेले. कातडी नकोत, पोलादावर घसरतात.

अनुस्वार
हार्नेस घालून खोटा धीर येतो असंही ऐकलंय.

भटकभवानी
@अनुस्वार, येतो. पाऊस दिसत असताना 'आपल्याला बांधलंय' म्हणून वर जाणारे पाहिलेत. २०२४च्या जुलैमध्ये अचानक आलेल्या पावसात उतरताना वीस वर्षांची एक मुलगी घसरून गेली, वडील सोबत होते. ग्रॅनाइट ओला झाला की तुमचं चढण्याचं कौशल्य शून्य होतं. १९८५ला माथ्यावर वीज पडून दोघं गेले होते. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत उन्हाळ्यातलं वादळ दुपारी जमतं. म्हणून पहाटे निघायचं, दुपारच्या आत केबल्सवरून खाली. सब डोमवर असताना ढग काळे दिसले तर तिथून मागे. यात वय ६४ असो की २४.

पाववडा
वातावरण गंभीर झालं म्हणून जरा अवांतर. तिथल्या मूळ रहिवाशांची, अवाह्नीची लोकांची गोष्ट ठाऊक आहे का? टिसायॅक नावाची बाई आणि तिचा नवरा लांबून चालत दरीत आले. तिच्या पाठीवर ओझं. ती आधी पोचली आणि तहानेने आख्खा मिरर लेक पिऊन टाकला. नवरा मागून आला, पाणी नाही. भांडण, मारहाण, तिने टोपली फेकून मारली. दोघांचे दगड झाले. ती हाफ डोम, तो समोरचा सुळका. भिंतीवरच्या काळ्या रेघा म्हणजे तिचे अश्रू.

तात्पर्य काही नाही. माणशी चार लिटर पाणी न्या.

खडकू
काळ्या रेघा शेवाळ-दगडफुलाच्या. पण तुमची गोष्ट जास्त बरी.

चकली
खाऊ काय न्यायचा? आणि अस्वलं?? आणि (बायकांसाठी) वाटेत सोय असते का?

डोंगरभट
सोय : व्हर्नलच्या पुलाजवळ, एमरल्ड पूलजवळ, नेवाडाच्या माथ्याजवळ आणि लिटल योसेमिटीत. त्यापुढे नाही. नळाचं पाणी पुलाजवळ शेवटचं. लिटल योसेमिटीत मर्सेड नदीचं गाळून घ्या. तिथून वर पाण्याचा भरवसा धरू नका.

अस्वलं : काळी असतात, माणसापेक्षा गाडीत रस जास्त. गाडीत खाण्याचा कण ठेवायचा नाही, अगदी टूथपेस्टही. पार्किंगजवळ लोखंडी पेट्या आहेत त्यात ठेवायचं. एका ओळखीच्यांनी पेटीत लसणाची चटणी ठेवली होती, शेजारच्या पेटीवाल्या कुटुंबाने परतल्यावर चौकशी केली.

खरा चोर म्हणजे खार. केबल्सखाली सॅक ठेवून लोक वर जातात आणि खाली येईपर्यंत चेनशेजारी भोक. दशम्या, गूळपोळी, चिक्की, खारे दाणे छान टिकतात, पण अंगावर बाळगा. इलेक्ट्रल विसरू नका.

तिरसट_तात्या
दशम्या खात अमेरिकन रेंजरसमोर बसायचं. चित्र आवडलं. केबल्सबद्दलचं मत कायम.

नांगी
मुलीचं कोणी बोलतच नाहीये. वयाची अट नाही, मुलं जातात. पण केबल्स मोठ्यांच्या हातांच्या मापाने लावल्यात, दोन खांबांमध्ये दोर लोंबतो आणि लहान मुलांना तो उंच पडतो. माझा मुलगा दहाचा असताना नेवाडा फॉलच्या माथ्यापर्यंत नेलं, एवढ्यानेच हरखला. धबधब्याच्या वरच्या पाण्यात मात्र घोट्याएवढंही उतरू देऊ नका. शांत दिसतं आणि ओढून नेतं. व्हर्नलवरून २०११ला तिघं असेच गेले.

बे_एरियातला_बंडू
मूळ प्रश्नाला दुसरी वाट : एका दिवसात करूच नका. लिटल योसेमिटीत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे वर. त्यासाठी वेगळं वाइल्डरनेस परमिट लागतं, अर्जातच हाफ डोम जोडता येतं. उरलेली परमिटं सात दिवस आधी सुटतात. तंबू, अस्वलाचा डबा पाठीवर येतो, पण बाबांसाठी दिवसाचे तास निम्मे होतात. माथ्यावर मुक्कामाला बंदी आहे. तिथे माउंट लायल सॅलमँडर नावाचा चिमुकला प्राणी राहतो, त्याच्या घरात आपण तंबू ठोकायचो.

मोगरी
सगळ्यांचे मनापासून आभार! वाखू (वाचनखूण) साठवली आहे. काही गोष्टी ठरल्या : लेक आणि नवरा नेवाडापर्यंत आणि तिथून जॉन म्यूर ट्रेलने खाली. (नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद लग्नातही नव्हता.) मी हार्नेस मागवला. बाबांना धागा वाचून दाखवणार होते, पण इन्शुरन्सचं कसं काढू कळत नाहीये. ते दुखावतील.

निवृत्त_पण_थकलेला_नाही
सर्वांना नमस्कार. प्रस्तुत धाग्यातील 'बाबा' मीच.

वाचून दाखवण्याची आवश्यकता नाही, मी रोज वाचतो आहे. दुखावलो नाही. कळसूबाईच्या शिड्यांबद्दलचं माझं विधान मागे घेत नाही, परंतु श्री. खडकू यांचं कारण पटलं. आमच्या पिढीने हाताला खाच असेल तिथेच जीव टाकला. नुसत्या घर्षणावर उभं राहायचं ही सवय नाही आणि या वयात ती चारशे फुटांवर शिकू नये, हे कळतं.

डॉक्टरांकडे सोमवारी जात आहे, आकडे लिहून नेतो. पॉलिसी काढून वाचली. कलम शोधायला भिंग लागलं. दोर लागणारी चढाई वगळलेली आहे. तेव्हा माझं ठरलं ते असं : सब डोमच्या पायथ्यापर्यंत मी येणार. तिथपर्यंत परमिट नको आणि दोरही नको, म्हणजे विमा कंपनीही गप्प आणि चिरंजीवही. माझं परमिट श्री. बंडू यांना द्यावं, ते बुधवारी मोकळे असतात. सूनबाईंनी केबल्सवर एकटं जाऊ नये असं मला वाटतं, हे मात्र माझ्याकडून.

डॉक्टरांनी पायथ्यापर्यंतही नको सांगितलं तर त्यांना कारण विचारेन.

चकली
काका _/\_

बे_एरियातला_बंडू
काका!! मी गंमतीत लिहिलं होतं. येतो. नक्की येतो. पार्किंगला चार वाजता भेटू.

मोगरी
बाबा, तुम्ही कधीपासून आहात इथे???

निवृत्त_पण_थकलेला_नाही
तुझ्या 'सासरी गोड वरण कोण खातं' या धाग्यापासून.

पाववडा
आता पॉपकॉर्न घेऊन बसलो.

तिरसट_तात्या
काका, केबल्स काढाव्यात की नाही?

निवृत्त_पण_थकलेला_नाही
तात्यासाहेब, सुनेचं उतरून झाल्यावर काढा.

भटकभवानी
बंडू, तुम्हाला हार्नेस आहे का? नसेल तर माझ्याकडे जादा पट्टा आहे, फ्रीमाँटला येऊन घेऊन जा. कॅराबिनर लॉकवालेच हवेत, किल्लीच्या जुडग्याला लावतात ते नाहीत. आणि येण्याआधी कठड्यावरचा सराव करून या, मी बघणार आहे.